पाणी कुठून येत होतं

नंदिनी आणि श्रीरंग, तुमचं कार्ड मिळालं. बर्फातला तुमचा फोटो पुस्तकांच्या कपाटाच्या काचेवर लावला आहे. कार्डाच्या तळाशी नंदिनीनं वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत विचारलं आहे, "आजोबांची गाडी कोणी नेली का?" तुमच्या बाबांनी मला ती विकून टाकायला सांगितलं होतं, ते तुमच्या कानावर गेलेलं दिसतं. उत्तर एका ओळीचं आहे, पण मला ते एका ओळीत देववत नाही. गेल्या पंधरा दिवसांत इथे जे घडलं ते सगळंच्या सगळं ऐकण्याचा हक्क ज्यांचा, ते आषाढात गेले. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून हे मी तुमच्या आजोबांनाच लिहिते आहे. पाकिटावर पत्ता मात्र तुमचा घालीन. इथून पुढे 'तुम्ही' असेल तिथे आजोबा समजा. बाबांकडून वाचून घ्या, आणि त्यांना मधलं काही गाळू देऊ नका.

अहो, पाणी सापडलं.

तुम्ही असतात तर लगेच विचारलं असतंत, "म्हणजे तू जिंकलीस?" नाही. तुम्हीही जिंकला नाहीत. सविस्तर सांगते, मधे बोलू नका.

आपलं भांडण किती जुनं ते मुलांना ठाऊक नाही. गिरणीचे गोरे मॅनेजर मायदेशी परतले तेव्हा त्यांची ही काळी गाडी तुम्ही घेतलीत. तुम्ही गिरणीत विजेच्या खात्याचे प्रमुख होतात, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि माधवचे, म्हणजे या मुलांच्या बाबांचे, पाय अजून सीटवरून खाली टेकत नव्हते. उन्हाळ्यात, थंडीत गाडीला काही म्हणजे काही होत नसे. जोराचा पाऊस बराच वेळ लागून राहिला की मात्र तिच्या अंगात यायचं. हॉर्न आपोआप वाजायचा, वायपर काचेवर आडवे थांबायचे, दिवे मिणमिणायचे, कधी पार विझायचे. फ्यूजची पेटी होती डावीकडे, डॅशबोर्डखाली. तिथे मी बसायची, आणि माझ्या निऱ्या ओल्या व्हायच्या.

"छत्री झटकून बसत जा," तुम्ही म्हणायचात.

"छत्री मागच्या सीटवर आहे."

"मग मागून पाणी पुढे वाहत आलं असेल. उतार आहे."

"आपण चढ चढतो आहोत."

यावर तुम्ही गिअर बदलायचात. उत्तर सुचलं नाही की तुम्ही नेहमी गिअर बदलायचात.

तुमचं म्हणणं, दोष वायरिंगचा. वायरीवरचं आवरण जुनं झालंय, हवेत ओल आली की वीज भलतीकडे जाते. म्हणून दर चैत्रात तुम्ही गाडीखाली सतरंजी टाकून झोपायचात आणि एकेक वायर बदलायचात. माझं म्हणणं, समोरच्या काचेचं रबर कुजलं आहे आणि पाणी तिथून आत येतं. वीज बिचारी भिजली म्हणून बिघडते. तुम्ही विजेचे माणूस. मी पावसाळ्यात माहेरी गळक्या छपराखाली पातेली मांडत वाढलेली. दोघांनीही आपापली जागा सोडली नाही.

करकंबचं लग्न आठवतं? ज्येष्ठातलं. वाटेत वळवानं गाठलं आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. रस्त्यावरच्या बैलगाड्या भराभर कडेला होत होत्या आणि तुम्ही म्हणत होतात, "बघ, किती मान देतात." मांडवाशी पोचलो तर बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. मुलीचे वडील हार घेऊन पळत आले.

"साहेब, एवढं वाजवत आलासा, आमाला वाटलं कलेक्टरच आला."

"कलेक्टर मागून येतोय," तुम्ही म्हणालात, हार गळ्यात घालून घेतलात, आणि मग बॉनेट उघडून हॉर्नची वायर उपसलीत. पंगतीत माझ्या शेजारची बाई मला विचारत होती, तुमच्या यजमानांची कचेरी कुठे असते म्हणून. मी म्हटलं, बॉनेटखाली.

मग दुष्काळाची ती दोन वर्षं आली. आभाळ कोरडं, विहिरी कोरड्या, आणि आपली गाडी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. तुम्ही ज्याला त्याला सांगत सुटलात की यंदाचं वायरिंग अचूक बसलं. मी म्हटलं, "पाऊस पडू दे, मग बोलू."

"तुला पाऊस हवाय की मी हरायला हवाय?"

"दोन्ही."

तुम्ही त्यावर इतके हसलात की ठसका लागला. पुढे पाऊस झाला तेव्हा सगळी गल्ली बाहेर होती, आणि आपल्या पत्र्याच्या शेडमधून हॉर्न वाजू लागला. त्या शेडची डावी बाजू गळकीच होती. तुम्ही ओट्यावर बसून राहिलात, उठला नाहीत. म्हणालात, "वाजू दे आज."

माधवच्या पत्रांत अजून येते ती मोहोळच्या अलीकडची संध्याकाळ. तो तेव्हा परदेशी होता, त्यानं ती फक्त आपल्या पत्रात वाचली, आणि म्हणूनच गाडी काढून टाका असं तो म्हणत राहिला. पुण्याहून येताना तिन्हीसांजेला पावसात दोन्ही दिवे गेले. रस्त्यात थांबणं धोक्याचं, मागून ट्रक. तुम्ही मला स्टिअरिंगवर बसवलंत आणि टॉर्च घेऊन पुढे चालू लागलात. पांढरा सदरा, पांढरं धोतर, तेवढंच मला दिसत होतं. मी पहिल्या गिअरमध्ये त्या पांढऱ्याच्या मागे मागे गाडी आणत होते. तुम्ही मधून मधून हात वर करायचात, म्हणजे खड्डा. मोहोळला चहाच्या टपरीखाली उभे राहिलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "घाबरलीस?" मी मान डोलावली. तुम्हाला तेच अपेक्षित होतं, आणि तुम्ही इतके भिजला होतात की तेवढं तरी तुम्हाला मिळावं असं वाटलं. खरं असं आहे की मी अजिबात घाबरले नव्हते. इतकं निश्चिंत मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल. पुढे तुम्ही होतात आणि वेग माझ्या हातात होता. हे सांगायचं राहिलं. रोज सांगता आलं असतं, म्हणून राहिलं.

लोक विचारतात, शेवटी काय बोलले? मी म्हणते, शांत होते. आषाढात खाटेवरून खिडकीबाहेर शेडकडे बघत तुम्ही म्हणाला होतात, "या खेपेला पाऊस लागला की दाखवतो तुला. ती पिवळी वायर बदलली की झालं."

"रबर," मी म्हटलं.

"पिवळी वायर."

रात्रीतून ताप चढला, आणि नंतर तुम्ही जे बोललात ते कोणालाच कळलं नाही. म्हणजे तुमचा शेवटचा धड शब्द वायर हा होता. मी हे भेटायला येणाऱ्यांना कसं सांगणार? त्यांना गीतेतलं काही तरी हवं असतं.

तुम्ही गेल्यावर घरात काय बदललं ते मला सुरुवातीला उमगलं नाही. शांतता म्हणाल तर तुम्ही दिवसभर गिरणीत असायचात तेव्हाही होतीच. मग लक्षात आलं, मला कोणी 'नाही' म्हणत नाही. जी बाई नुकती एकटी झाली आहे तिचं सगळं सगळ्यांना पटतं. मी म्हटलं उकडतंय, की हो उकडतंय. मी म्हटलं आता जरा गार झालं, की हो, गार झालं. परवा मुद्दाम म्हटलं की तुरीची डाळ पूर्वी पांढरी मिळायची. समोरच्या काकू म्हणाल्या, "मिळायची खरी." इतकं एकटं मला स्मशानातून लोक परत आले त्या दुपारीही वाटलं नव्हतं.

माधवचं पत्र आलं. आई, तू इकडे ये, त्याआधी गाडीचं काहीतरी कर. गॅरेजवाल्याला बोलावलं. तो सरळ माणूस. म्हणाला, "बाई, पावसात दिवे जातात अशी गाडी मी कुणाच्या पोराबाळांच्या गळ्यात मारणार न्हाय. दोष सापडला तर गिऱ्हाईक बघतो. न्हाय तर भंगार." त्यानंच एका भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. दसऱ्यानंतर येणार, गॅसनं कापून हातगाडीवरून नेणार. मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर शेडमध्ये गेले आणि कापून म्हणजे नेमकं कुठून कापतात याचा विचार करत उभी राहिले. छतापासून सुरुवात करत असतील. मग तुमची सीट उघड्यावर पडेल.

तेव्हाच ठरवलं. दसऱ्याच्या आत मला पाणी कुठून येतं ते हवं. सापडलं तर गाडी राहील. नाही सापडलं तर कापू दे, पण मग आपलं भांडण तसंच कापलं जाईल आणि अर्धं तुमच्याबरोबर जाईल, अर्धं माझ्याकडे पडून राहील.

शाळेत मुलींना मी सांगायची, उत्तर येत नसेल तर प्रश्नाचे तुकडे करा. तसंच केलं. पाऊस सगळीकडून एकदम पडतो, म्हणून तो कुठून शिरला ते कळत नाही. आपण एका वेळी एकाच जागी पाणी घालायचं, आणि प्रत्येक जागेच्या पाण्याला वेगळा रंग द्यायचा. दारासाठी गेरू. काचेच्या रबरासाठी हळद. काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागे हवा आत घेणारी जी जाळी आहे, तिच्यासाठी कपड्यांची नीळ. आत डॅशबोर्डखाली, फ्यूजच्या पेटीभोवती, पांढरं फडकं खोचायचं, म्हणजे जो रंग उतरेल ती वाट. पांढरं फडकं म्हणून तुमचं एक धोतर काढलं. विरलेलंच होतं. काठाशी धरून ओढलं तर ते आवाज करून फाटलं आणि मी खाली बसले. पण पट्ट्या चांगल्या निघाल्या.

आत बसून बघायला कोणीतरी हवं होतं. बसप्पांना निरोप धाडला. मुलांनो, बसप्पा म्हणजे आजोबांचे जुने मित्र, चादरींचे व्यापारी, घरात कानडी बोलणारे. आजोबांशी पत्ते खेळताना दोन्ही भाषांतून भांडायचे. ते आले आणि शेडच्या दारात थबकले.

"वैनी, गाडीचं लगीन काडलंय काय? हळद काय, रंग काय!"

"अण्णा, आत बसा. डावीकडे. हा टॉर्च."

"आणि तुमी वरून पानी घालनार?"

"हो."

"दुष्काळात तुमी भांडं विसळलेलं पानी झाडाला घालीत होता की. आज बादल्या भरून गाडीला आंगोळ!" असं म्हणत ते वाकून आत शिरले. "माजं धोतर रंगलं तर घरी काय सांगू?"

"सांगा, इंग्रजीच्या बाईंनी शिक्षा केली."

त्यांनी मला विरोध केला, टोमणा मारला, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आधी खालून सुरुवात केली. दारावर गेरूचं पाणी ओतलं; आत कोरडं. मग तुमच्या माझ्या भांडणाची जागा. हळदीचं पाणी झारीनं काचेच्या रबरावरून सावकाश सोडलं, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत, पुन्हा मागे.

"आलं का?"

"न्हाय."

"नीट बघा अण्णा. पांढऱ्यावर पिवळं पटकन दिसत नाही."

"वैनी, जलम गेला माजा रंग बगन्यात. एक टिपूस न्हाय. तुमचं रबर लई ब्येस हाय."

झारी रिकामी झाली. मी हरले होते, आणि तुम्ही ते बघायला नव्हतात. हरल्याचं वाईट वाटलं नाही, पण हरून कोणाकडे बघायचं ते कळेना.

उरली होती जाळी. तिच्याखाली एक पन्हळ आहे, आणि पन्हळीतलं पाणी चाकाकडे सोडायला रबराची नळी आहे; पाणी तिथून बाहेर जावं अशीच रचना. म्हणून तिच्यावर ना तुमचा संशय होता ना माझा. निळीचं पाणी ओतायला लागले. एक बादली गेली, काही नाही. दुसरी अर्धी झाली.

"वैनी, पुरे आता, दुसरं काय तरी बगू..." आणि मग एकदम, "आलं! निळं आलं! आलं की हो! अय्यो, सगळं माज्या पायावर!"

धारच लागली होती, थेट फ्यूजच्या पेटीवर. चाकाकडे वाकून पाहिलं तर नळीच्या तोंडातून एक थेंब बाहेर पडत नव्हता. नळी तुंबली होती. पन्हळ काठोकाठ भरायची तेव्हाच पाणी आत सांडायचं. म्हणूनच थोड्या पावसात काही व्हायचं नाही आणि गाडी धुताना काही व्हायचं नाही.

तुमच्या स्क्रू ड्रायव्हरनं जाळी काढली. नळीत क्रोशाची सुई घातली आणि ओढली. काळा चिखल आला. मग दोऱ्याचा गुंता. मग फुगलेले अक्षतांचे तांदूळ. आणि त्या सगळ्यात, अजून ओळखू येतील अशा, झेंडूच्या पाकळ्या.

अहो, तुम्ही. तुम्हीच.

देवापुढे कधी हात जोडले नाहीत, पण खंडेनवमीला गिरणीतली यंत्रांची पूजा झाली की उरलेले हार पिशवीत भरून घरी आणायचात. दोन हार बॉनेटवर. आणि मग झेंडू मुठीत चुरून त्या जाळीत सोडायचात, वर अक्षता. मी म्हणायची, अहो, कशाला आत घालता? तुम्ही म्हणायचात, "हे हिचं नाक आहे. वर्षातून एकदा तरी वास नको?" दर वर्षी. आणि पुढच्या पावसात पुन्हा वायरी उपसत बसायचात. तुम्ही गाडीला जो जीव लावलात त्यानंच तिचा श्वास कोंडला होता. आणि तुमच्यासारखा हुशार माणूस, आणि माझ्यासारखी शिस्तीची बाई, दोघं समोर उभे राहून ते बघत होतो.

मला इतकं हसू आलं. हसत हसत, हात तसेच काळे, मी घराकडे वळले आणि हाक मारली, "अहो! अहो, इकडे या आधी!"

मोठ्यानं. पायरीपर्यंत गेलेसुद्धा.

मग थांबले. मागे बसप्पा गाडीतून बाहेर आले होते. त्यांनी टॉर्च विझवला आणि धोतराचा निळा सोगा पिळत राहिले, पिळण्यासारखं पाणी संपलं तरी. मग म्हणाले, "वैनी, तो असता तर काय म्हनला असता सांगू? फुलं घालनं बायकांचं काम, म्या न्हाय घातली."

"असंच म्हणाले असते."

"आनि वर म्हनला असता, तरी पन ती पिवळी वायर बगायलाच पायजे."

म्हणजे ती पिवळी वायर तुम्ही त्यांनाही सांगितली होतीत. आम्ही दोघं शेडमध्ये उभे राहून रडलो. एकमेकांकडे न बघता.

भंगारवाला ठरल्याप्रमाणे आला, दोन माणसं आणि हातगाडी घेऊन. बसप्पा नेमके दारात होते. "गाडी न्हाय मिळनार," ते म्हणाले. तो माझ्याकडे बघून कुरकुरला, "अम्मा, पैले बोलना था ना. खाली हात जाऊँ क्या?" त्याला चहा दिला. शेडमधला जुना पत्रा दिला. जाताना त्यानं बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, "अच्छी है, मजबूत है. काटते तो गॅस खतम हो जाती." हे तुम्हाला आवडलं असतं.

चार दिवसांनी परतीचा पाऊस आला. दुपारपासून लागला आणि धो धो लागला. मी गाडी मुद्दाम शेडबाहेर अंगणात उभी केली आणि आत जाऊन बसले. माझ्या जागेवर, डावीकडे. पाय फ्यूजच्या पेटीखाली. पाऊस छतावर आपटत होता, चाकामागून नळीचं पाणी भळाभळा वाहत असल्याचा आवाज येत होता. मी बोटानं पायाखालची चटई चाचपत होते. कोरडी. पुन्हा चाचपली. कोरडीच. एक क्षण असाही गेला की वाटलं, थोडी ओल आली असती तर बरं झालं असतं. उद्यासाठी काहीतरी राहिलं असतं. कारण इतकी वर्षं चाललेलं भांडण संपलं म्हणजे तुमच्याशी बोलायचा माझा एक विषय संपला. त्याचं काय करायचं, ते मला अजून माहीत नाही.

गॅरेजवाला येऊन बघून गेला. म्हणाला, आता चांगलं गिऱ्हाईक येईल. मी सांगितलं, एवढ्यात नको. माधवला वेगळं लिहिते आहे की मी हिवाळा संपल्यावर येईन, राहून परत येईन. तो नाही म्हणेल. म्हणू दे. मला ते हवंच आहे.

नंदिनी, श्रीरंग, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: गाडी कोणी नेली नाही. ती शेडमध्ये आहे, पावसात चालते, आणि मी ती चालवते.